गादीपासूनचं अंतर

शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल. सवाई माधवराव पेशवे गादीवर बसले आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स वॅर मॅलेट त्यांना टिपू सुलतानाविरुद्धच्या तहाचा कागद सुपूर्द करतो आहे. भोवती पांढऱ्या अंगरख्यांची आणि पगड्यांची दाटी आहे, त्यात मुत्सद्दी, सरदार, कारकून आणि सेवक बसले-उभे आहेत आणि मधूनच साहेबांचे डगले उठून दिसतात. हे तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्याच्या छापील प्रती मात्र मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीच्या आहेत, कारण पेशवाईवरच्या पुस्तकात दरबार दाखवायचा म्हटलं की बहुधा हेच चित्र येतं. त्यामुळे सवाई माधवरावांचा दरबार म्हणजे हाच, असं आपल्या मनात बसून गेलं आहे. या चित्राचं वाचन जरा वेगळ्या रीतीनं व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे. अधिकाऱ्यांचं औपचारिक समूहचित्र त्या दिवशी काय घडलं याचा पुरावा क्वचितच देतं. कोण कोणाच्या किती जवळ होता, किंवा आपण किती जवळ होतो असं कोणाला दाखवायचं होतं, याचा पुरावा ते भरपूर देतं. हा फरक ध्यानात घेतला की ओळखीचं झालेलं हे चित्र पुन्हा नव्यानं पाहावंसं वाटतं.

आधी तारखा पाहू. तह झाला १ जून १७९० रोजी. मंजुरी मिळालेला तह पेशव्यांच्या हाती देण्याचा दरबार ६ ऑगस्टला भरला, आणि चित्राचा विषय तो दरबार आहे. त्या दिवशी तिथे हा चित्रकार नव्हता. ज्याच्या रेखाटनांवर हे चित्र उभं आहे तो जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला तोच मुळी १७९१ मध्ये. मॅलेटच्या ओळखीनं तो पुण्याला आला १७९२ मध्ये. पेशव्यांना, नाना फडणविसांना आणि दरबारातल्या इतर बड्या मंडळींना समोर बसवून त्यानं त्यांचे चेहरे टिपले, आणि पेशव्यांच्या दरबाराचं मोठं चित्र करायचं काम हाती घेतलं. ते त्याच्या हातून पुरं झालं नाही. नोव्हेंबर १७९५ मध्ये साष्टीत तो वारला. त्याच्या काही दिवस आधी, ऑक्टोबरच्या अखेरीस, शनिवारवाड्यात पडून सवाई माधवरावांचा अंत झाला होता. चित्रकार आणि चित्रातला मुख्य पुरुष दोघेही असे एकाच हंगामात गेले. पुढे मॅलेट इंग्लंडला परतला, १७९९ मध्ये त्यानं वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं, आणि सासऱ्याची रेखाटनं थॉमस डॅनिएल या नामांकित चित्रकाराकडे सोपवून चित्र करून घेतलं. ते तयार झालं १८०५ मध्ये. म्हणजे एकाच कापडावर तीन काळ आहेत: प्रसंग १७९० चा, चेहरे १७९२ नंतरचे, रंग १८०५ चे. दरबाराच्या दिवशी पेशवे १६ वर्षांचे होते. चित्रातला चेहरा ज्या रेखाटनांवरून आला त्या वेळी त्यांची अठरा वर्षं उलटली होती. कोवळ्या वयात दोन वर्षांनी चेहरा किती बदलतो हे घरातल्या कोणत्याही मुलाकडे पाहून कळतं.

यावर पहिला आक्षेप सहज येईल. चित्रकारानं दरबार पाहिलाच नाही, तर चित्र इतिहासाच्या पुस्तकातून काढून का टाकू नये? तसं केलं तर मोठं नुकसान होईल. प्रसंगाचा साक्षीदार नसणं वेगळं आणि माणसांचा, वास्तूचा साक्षीदार नसणं वेगळं. वेल्स पुण्यात राहिला, वाड्यात गेला, माणसं त्याच्यासमोर बसली. त्यानं १७९२ मध्ये केलेलं सवाई माधवराव आणि नाना यांचं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे, तेव्हा चेहऱ्यांची खातरजमा दुसऱ्या चित्रावरून करता येते. आणि डॅनिएलची ख्याती होती ती इमारती आणि भूदृश्यं रंगवण्यात. पुतण्या विल्यमबरोबर १७८६ ते १७९३ अशी सात वर्षं तो हिंदुस्थानात हिंडला होता, मुंबईत वेल्सला भेटला होता, आणि वेल्सनं काढलेली वेरूळच्या लेण्यांची चित्रं पुढे त्यानंच छापून प्रसिद्ध केली. म्हणून या चित्रातला दिवाणखाना हा नाटकाचा पडदा नाही. खाली फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे सुरूदार खांब, त्यांच्यामधल्या कातीव महिरपी, वरचं लाकडी काम, हे सारं पेशवाईतल्या वाड्यांच्या बांधणीला धरून आहे. मूळ वास्तू फेब्रुवारी १८२८ च्या आगीत गेली. शनिवारवाड्याचे तट आणि जोती तेवढी उरली. पण पडताळा घ्यायला नाशिककरांना पुण्याला जायचीही गरज नाही. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात काळ्या दगडाच्या जोत्यावरचं लाकडी काम पाहावं, किंवा आग्रा रोडनं चांदवडला जाऊन होळकरांच्या रंगमहालातले कोरीव खांब आणि भिंतींवरची चित्रं पाहावीत. खांबाचा तळाशी येणारा फुगवटा, महिरपीची कमान खांबाला जिथे भिडते ती जागा, तुळईखालचं कोरीव काम, हे एकदा जवळून पाहिलं की चित्रातली वास्तू एखाद्या इंग्रजाच्या कल्पनेतली नाही याची खात्री पटते. तेव्हा दिवाणखान्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, चेहऱ्यांवर बऱ्याच अंशी ठेवावा, आणि त्या दिवशी कोण नेमका कुठे बसला होता यावर मात्र सावधपणे.

सावधपणे म्हटलं याचं कारण असं की बसण्याची जागा हाच दरबाराचा गाभा होता. आपल्याकडे मानपान हा शब्द लग्नाच्या मांडवात अजून जिवंत आहे. दरबारात तर त्यावर दौलतींचे संबंध ठरत. कोणाला ताजीम द्यायची, म्हणजे कोण आला असता उठून उभं राहायचं. कोणाला सामोरं जायचं आणि कुठपर्यंत. कोणी उजवीकडे बसायचं, कोणी डावीकडे. विडे कोणाला स्वतःच्या हातानं द्यायचे, वस्त्रं कितीची द्यायची, या सगळ्याच्या नोंदी होत असत, त्यावरून रुसवे होत आणि खलिते धावत. म्हणजे चित्रकार यायच्या आधीच दरबार हे एक रचलेलं चित्र असे. गादी हा त्याचा मध्य, आणि गादीपासूनचं अंतर हे माणसाचं वजन. चित्रकाराला ही रचना शोधावी लागत नाही, ती तयारच मिळते; त्याच्या किंवा त्याला पैसे देणाऱ्याच्या हाती एवढंच असतं की ती जशीच्या तशी ठेवायची, की कोणाला हातभर पुढे सरकवायचं. मॅलेट या चित्रात गादीच्या अगदी जवळ आहे, आणि चित्राचा खर्च मॅलेटचा आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून चित्र वाचताच येत नाही.

जगभरच्या अशा चित्रांना हेच लागू पडतं. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात नगररक्षक दलं, अनाथाश्रमांचे आणि इस्पितळांचे विश्वस्त, व्यापारी संघांचे पदाधिकारी आपापली समूहचित्रं काढून घेत आणि कचेरीच्या भिंतीवर लावत. रेम्ब्रांटनं १६६२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कापड-परीक्षकांचं चित्र केलं. टेबलाभोवती टोप्या घातलेले पाच अधिकारी आहेत आणि त्यांच्या मागे एक माणूस बोडका आहे. तो सेवक. चित्राखाली एक अक्षर नसलं तरी टोपीवरून पाहणाऱ्याला कळतं की कापडावर शिक्का मारण्याचा अधिकार कोणाचा आणि दार उघडण्याचं काम कोणाचं. त्या अधिकाऱ्यांनी एखाद्या सभेत तसंच उठून पाहिलं होतं का, यावर कला-अभ्यासकांत वाद झाले; पण त्या चित्रानं दाखवायचं ते दाखवलं आहे, ते म्हणजे पदं, क्रम आणि एकमेकांशी असलेला बरोबरीचा हक्क. नगरपालिकेच्या जुन्या सभागृहात टांगलेला सदस्यांचा फोटो पाहा. नाशिकची नगरपालिका १८६४ ची, महापालिका १९८२ ची; अशा जुन्या संस्थांच्या फोटोंत पुढच्या रांगेतल्या खुर्च्या, मधोमध अध्यक्ष, बाजूला उपाध्यक्ष आणि मुख्याधिकारी, मागे उभे सदस्य, आणि अगदी कडेला पट्टेवाले, ही मांडणी ठरलेली असते. त्या फोटोवरून सभेत कोणता ठराव झाला ते कळणार नाही. गावात कोणाची खुर्ची कुठे होती ते मात्र पक्कं कळतं.

आता मॅलेटच्या चित्राकडे परत येऊन दुसऱ्या आक्षेपाला तोंड द्यायला हवं, कारण तो अधिक वजनाचा आहे. चित्र इंग्रजानं करवून घेतलं, इंग्रजानं रंगवलं, इंग्लंडातल्या लोकांनी पाहावं म्हणून. मग तो निव्वळ साम्राज्याचा डंका नव्हे काय? तसं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. त्याच युद्धाची दुसरी चित्रं शेजारी ठेवून पाहा. १७९२ मध्ये टिपूचा पराभव झाला, त्यानं निम्मं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये कबूल केले, आणि दोन लहान मुलगे ओलीस म्हणून गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या छावणीत पाठवले. हा प्रसंग इंग्लिश चित्रकारांनी पुन्हा पुन्हा रंगवला. रॉबर्ट होम त्या सैन्याबरोबर होता, त्यानं तर चित्राच्या कडेला स्वतःलाही घातलं. मॅदर ब्राउननं हिंदुस्थानात पाऊल न टाकता तोच प्रसंग लंडनमध्ये रंगवला. त्या चित्रांत गव्हर्नर जनरल उभा आहे, मुलं त्याच्यापुढे लहान दिसतात, आणि दयाळू विजेत्याची ती मूर्ती पाहणाऱ्यावर ठसते. पुण्याच्या चित्रात विजेता कोणी नाही. इंग्रज वकील दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या रिवाजानं, खाली बैठकीवर बसला आहे. खुर्ची नाही, टेबल नाही. चित्रातली जवळजवळ सगळी माणसं मराठी दरबारातली आहेत आणि पाहणाऱ्याची नजर वळते ती गादीकडे. डंकाच पिटायचा असता तर मॅलेटनं स्वतःला उभं करून घेतलं असतं.

मग त्याला हवं होतं काय? माझ्या मते उत्तर त्याच्या नोकरीत आहे. मॅलेट सेनापती नव्हता, लढाई जिंकल्याची चित्रं त्याच्या वाट्याला येणार नव्हती. १७८६ पासून दहा-अकरा वर्षं तो पुण्यात बसून होता, नानांसारख्या मुत्सद्द्याशी बोलणी करत होता, आणि या तहाच्या कामगिरीबद्दल १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला होता. वकिलाची थोरवी समोरच्या दरबाराच्या थोरवीवर अवलंबून असते. दरबार जितका भव्य, जितका शिस्तीचा, जितका अवघड, तितकी तिथून सही घेऊन येणाऱ्याची करामत मोठी. म्हणून त्यानं पेशव्यांचा दरबार लहान करून दाखवला नाही. तो मोठाच ठेवणं त्याच्या हिताचं होतं. चित्रातल्या मराठी वैभवावर त्यामुळे अविश्वास दाखवायला नको, पण ते निःस्वार्थ आदरातून आलं असंही मानायला नको. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अर्धवट राहिलेलं सासऱ्याचं काम पुरं करण्याचा घरगुती भावही त्यात असेल, तो नाकारायचं कारण नाही.

पण १८०५ हे साल विसरून चालणार नाही. डॅनिएल हा दरबार रंगवत होता तोवर त्यातलं जवळजवळ सगळं मोडलं होतं. पेशव्यांचे सेनानी हरिपंत फडके १७९४ मध्ये गेले, पेशवे १७९५ मध्ये, नाना १८०० मध्ये. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीची तैनाती फौज पत्करली, आणि १७९० मध्ये ज्या दरबारानं बरोबरीच्या नात्यानं तह केला होता, जिंकलेल्या मुलखाची सारखी वाटणी ठरवली होती, तो दरबार स्वतंत्र उरला नाही. १८०३ मध्ये कंपनीनं मराठ्यांविरुद्ध असईची लढाई जिंकली. ऑक्टोबर १८०४ मध्ये कर्नल वॉलेसच्या फौजेनं होळकरांकडून चांदवड आणि गाळणा घेतले. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर कंपनीच्या तोफा चालत होत्या, त्याच सुमाराला लंडनमध्ये एक चित्रकार कंपनीचा वकील पेशव्यांपुढे अदबीनं बसलेला रंगवत होता. लंडनच्या प्रेक्षकाला हे चित्र पाहताना शेवट माहीत होता. त्याच्या लेखी तो स्नेहाचा दरबार म्हणजे पुढे मिळालेल्या राज्याचा पहिला, शांत अध्याय ठरत होता. चित्रात एकही खोटी रेघ न काढता हा अर्थ त्याला चिकटला, केवळ १५ वर्षांच्या उशिरामुळे. एखादं चित्र कोणत्या साली रंगवलं हे ते कोणत्या सालाबद्दल आहे याइतकंच महत्त्वाचं असतं, असं मी म्हणतो ते यासाठी.

या वाचनाला अजून एक बाजू आहे आणि ती नाशिकशी थेट जोडलेली आहे. समूहचित्रात जे नाहीत त्यांचीही दखल घ्यावी लागते. पेशव्यांच्या घराण्यातली जी माणसं पुण्याच्या दरबारापासून दूर राहिली किंवा ठेवली गेली, त्यांपैकी बरीच गोदावरीकाठी होती. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुणं सोडून नाशिकजवळच्या गंगापुरात येऊन राहिल्या. नातवानं कसं वागावं, दिनचर्या कशी ठेवावी, याचा सल्ला देणारं त्यांचं सवाई माधवरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. १७८८ मध्ये त्या वारल्या. चित्रातला पोरसवदा पेशवा गादीवर ज्या रीतीनं बसला आहे त्या रीतीमागे घरातल्या अशा शिकवणीचा वाटा असणार, पण दरबाराच्या चित्रात बाईमाणसाला जागा नाही, म्हणून ती शिकवण चित्रात दिसत नाही. दुसरी शाखा नानासाहेबांचे भाऊ राघोबादादा यांची. दादा १७८३ मध्ये कोपरगावी वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई आणि मुलं तिथे, आणि नंतर आनंदवल्लीला, पहाऱ्यात राहिली. आनंदीबाईंचा अंत १७९४ मध्ये आनंदवल्लीतच झाला आणि मुलांची रवानगी पुढे जुन्नरला झाली. त्यांतले थोरले औरस चिरंजीव बाजीराव. १७९० च्या दरबारात त्यांना बसायला जागा नव्हती. डॅनिएलनं चित्र पुरं केलं तेव्हा त्या गादीवर बसलेला पेशवा तेच होते. गंगापूर आणि आनंदवल्ली आज शहरात मिसळून गेली आहेत. तिथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यानं हे चित्र पाहताना त्याच्या चौकटीबाहेरचा हा भाग मनात धरला, तर नानांच्या राजकारणाची बाजू त्याला अधिक नीट दिसेल. चित्रात नाना गादीजवळ आहेत, कारण दुसऱ्या एका घराला त्यांनी गादीपासून लांब ठेवलं होतं.

कोणी म्हणेल, हे चित्रात नसलेलं चित्रावर लादणं झालं. आक्षेप रास्त आहे, आणि त्याची मर्यादा पाळायलाच हवी. चित्राबाहेरच्या कागदपत्रांतून जे सिद्ध होतं तेवढंच चित्राशेजारी ठेवावं. एखाद्याच्या भुवईच्या वळणावरून त्याच्या मनातलं कपट वाचू नये. नानांच्या उंच, सडपातळ अंगयष्टीवर आणि गंभीर मुद्रेवर कितीतरी भाष्यं झाली आहेत. मला त्यांत तथ्य कमी आणि नंतर सुचलेलं शहाणपण जास्त वाटतं. जागा, पोशाख, कोण बसलं आणि कोण उभं राहिलं, कागद कोणाच्या हातात, या गोष्टी चित्रकाराला सांगून करवून घेता येतात, म्हणून त्यांचा अर्थ लावता येतो. मुद्रेचा अर्थ लावणं ही वाचणाऱ्याचीच कल्पना असते.

शेवटी नावांचा प्रश्न. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजघराण्याचं दोन हजार वर्षांपूर्वीचं समूहशिल्प होतं. सिमुक, राणी नायनिका, सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी अशा व्यक्ती ओळीनं कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव होतं. आज नावं वाचता येतात, मूर्तींची पावलं तेवढी उरली आहेत. पुण्याच्या दरबारचित्राचं याच्या उलट झालं. चेहरे टवटवीत आहेत, पण छापील प्रतींखाली बऱ्याचदा दोन-चार नावांपलीकडे काही नसतं. चित्रकाराच्या नावाचंही तसंच. वेल्सची रेखाटनं आणि डॅनिएलचा रंग अशी दोन्ही नावं साल १८०५ सह चित्राखाली यायला हवीत. त्याच वर्तुळात पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार काम करत होता. मॅलेटसाठी आणि वेल्सबरोबर त्यानं वेरूळची लेणी रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. वेल्सची आणि गंगारामची बरीच रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहात आहेत. दरबारातला एकेक चेहरा त्या रेखाटनांशी ताडून पाहायचा, त्याला पेशवे दफ्तरातल्या नोंदींची जोड द्यायची, आणि गादीपासून कोणाला कुठे बसवलं आहे ते नावानिशी मांडायचं, हे काम मोडी वाचणाऱ्या मराठी अभ्यासकानं अंगावर घ्यावं असं आहे, कारण त्या बैठकीतली बहुतेक माणसं ज्या कागदांत सापडतील ते कागद मोडीत आहेत.